माशांचं गोत्र शोधायचंय, पण गणित नको!

प्रश्न : मला माशांची भारी आवड आहे. ट्राउट आणि सॅमन यांचं आपसातलं नातं डीएनएवरून शोधतात, असं वाचलं. मलाही तेच करायचंय. पण गणितात मी कच्ची आहे. कोणती पदवी घेऊ?

उत्तर : पदवीचं नंतर बघू. गोम आहे ती त्या गणिताच्या वाक्यात.

या कामात मासा हातात असतो तो जेमतेम मिनिटभर. पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा, मासा पाण्यात सोडून द्यायचा. पुढचे कित्येक महिने समोर असतात डीएनएची ए, टी, जी, सी ही चार अक्षरं. त्यांतून नातं काढायचं म्हणजे संख्याशास्त्र आलंच.

पण त्यातली गंमत बघ. रेनबो ट्राउट १९८९पर्यंत ब्राऊन ट्राउटच्याच ‘साल्मो’ प्रजातीत होती. मग तिला पॅसिफिक सॅमनच्या ‘ऑन्कोरिंकस’मध्ये हलवलं. आणि अटलांटिक सॅमन? तो मात्र ‘साल्मो’तच, ब्राऊन ट्राउटच्या घरात! नावांवर जाऊन इथे भागतच नाही.

डीएनएही चकवतो. या कुळाच्या पूर्वजाचा अख्खा जीनोम, म्हणजे डीएनएचा पूर्ण संच, सुमारे ८ ते १० कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला. त्यामुळे अनेक जनुकांच्या दोन-दोन प्रती सापडतात. एका माशाची एक प्रत दुसऱ्याच्या भलत्याच प्रतीशी ताडलीस, की वंशवृक्ष चुकलाच. त्यात रेनबो आणि कटथ्रोट ट्राउटचा संकर होतो. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तेवढाच वाचला तर बापाचं घराणं दिसतच नाही.

अशा चुका महागात पडतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ग्रीनबॅक कटथ्रोट (कटथ्रोट ट्राउटचाच एक उपप्रकार) म्हणून वर्षानुवर्षं जपलेल्या बऱ्याच माशांचा वंश वेगळाच निघाला. संग्रहालयांत ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या नमुन्यांशी ताडल्यावर, २०१२ साली, खरे ग्रीनबॅक बेअर क्रीक या एकाच ओढ्यात उरल्याचं दिसलं.

आता पदवी. प्राणिशास्त्र किंवा जनुकशास्त्र, कोणतीही चालेल. सोबत संख्याशास्त्र आणि पायथन किंवा आर यांपैकी एक प्रोग्रॅमिंगची भाषा हवीच. संशोधनातल्या कायम जागा थोड्या असतात, पीएचडीनंतरही काही वर्षं कंत्राटावर जाऊ शकतात, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव. मत्स्य विभाग आणि विकायला आलेला मासा नेमका कोणत्या जातीचा हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा, हे त्यातल्या त्यात जवळचे पर्याय.

पण अर्ज भरण्याआधी एक कर. जेनबँक या डीएनए क्रमांच्या ऑनलाइन साठ्यातून रेनबो, ब्राऊन ट्राउट, अटलांटिक सॅमन, कोहो (एक पॅसिफिक सॅमन) आणि तुलनेसाठी ग्रेलिंग हा दूरचा नातेवाईक यांचे सायटोक्रोम बी जनुकाचे क्रम उतरवून घे, आणि ‘मेगा’ या सॉफ्टवेअरमध्ये वंशवृक्ष काढ. दोन्ही फुकट आहेत. एखाद्या फांदीवर ६० असा आकडा (ती फांदी कितपत भरवशाची, हे शंभरपैकी सांगणारा) आला आणि तो इतका कमी का, हे शोधण्यात तुझी संध्याकाळ गेली, तर गणिताची भीती सोड. ते तू शिकशील. अर्ध्या तासात कंटाळलीस, तर मत्स्यबीज केंद्राच्या कामाची चौकशी कर. तिथे मासे दिवसभर हातात असतात.