स्पॉकला खरंच भावना नसतात का? मग तो नायक कसा?

स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ-मालिकेतल्या स्पॉकला भावना नसतात, हे साफ चूक. तो परग्रहावरच्या व्हल्कन वंशाचा, आणि व्हल्कन लोकांच्या भावना माणसांपेक्षा जास्तच तीव्र असतात. एके काळी आपापसात लढून ते संपायच्या बेतात होते, तेव्हा सुराक नावाच्या विचारवंताने त्यांना तर्काच्या वाटेला लावलं. त्यात स्पॉकची आई अमँडा पृथ्वीवरची. म्हणजे ओढाताण घरातूनच.

आमच्याकडे काही जण त्याला स्थितप्रज्ञ म्हणून मोकळे होतात. मला नाही पटत. 1966 च्या 'द नेकेड टाइम' या भागात एका संसर्गामुळे अंतराळजहाजावरच्यांचा स्वतःवरचा ताबा सुटतो. स्पॉक एका खोलीत शिरतो, टेबलाशी बसतो, रडतो आणि सावरण्यासाठी चक्क पाढे म्हणू लागतो. दोन, चार, सहा... मग सहा सक, आणि तिथंच अडकतो. आईवर प्रेम आहे हे तिला कधी सांगताच आलं नाही, असं जहाजाचा कप्तान कर्क याच्याजवळ बोलून जातो. स्थितप्रज्ञाला पाढे कशाला लागतील?

आता इंद्रियं. कान तिखट, डोळ्यांना आतून एक जादा पापणी. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. 1968 च्या 'द इम्युनिटी सिंड्रोम'मध्ये दूरच्या जहाजावरचे 400 व्हल्कन मेल्याचं त्याला बसल्या जागी जाणवतं. एवढं सगळं आत येत असेल, तर दार लावून घ्यायला शिकावंच लागणार.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत सतारीची जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, बघा कधी. कारागीर घोडीवर हलक्या हाताने कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत फिरवतो. बाहेर रिक्षांचा दंगा चालू. चेहऱ्यावरची रेष हलत नाही, म्हणून त्याला काही ऐकू येत नाही असं कुणी म्हणत नाही. (स्पॉकही एक तंतुवाद्य वाजवतो, बरं का.)

बघणार असाल तर आधी 'द नेकेड टाइम' बघा, मग 1967 चा 'अमोक टाइम'. आपल्या हातून कर्क मेला अशी खात्री झालेला स्पॉक त्याला समोर जिवंत बघतो, 'जिम!' म्हणत त्याचे दंड धरतो आणि तोंडभर हसतो. शेजारी लोक आहेत हे ध्यानात आल्यावर लगेच गंभीर. वर खुलासा काय, तर स्टारफ्लीटचा, म्हणजे त्यांच्या अंतराळदलाचा, एक कर्तबगार कप्तान वाचला याचं तर्काला धरून समाधान वाटलं!