एखाद्या मुलीवर प्रेम केलं तर देवावरचं प्रेम कमी होतं का?

तुम्ही विचारायलात की एका मुलीवर प्रेम आहे, लग्न करायचंय, पण प्रार्थनेला बसलं की तिचाच चेहरा समोर येतो, अन तुमचे पास्टर म्हणायलेत की असलं प्रेम देवापासून तोडतं, मग हे पाप आहे का.

जय ख्रिस्त. मी जालन्याची, संडे स्कूल घेते फक्त, त्यामुळं पटलं तर घ्या.

पाप बिप काही नाही. तसं असतं तर गीतरत्न बायबलमधी आलंच नसतं. आठच अध्याय, अन सगळं प्रियकर-प्रेयसीचं बोलणं, आमच्या घरी कुणी ते मोठ्यानं वाचायला लागलं की आजी खाकरायची. त्यात फक्त ख्रिस्त अन मंडळीच (म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणारे सगळे, चर्च) बघायची असं बरेच जण सांगतात, बाराव्या शतकातल्या बर्नार्ड नावाच्या संतानं तर त्याच्यावर 86 प्रवचनं केली अन तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच होते तेव्हा वारले. तो अर्थ मलाही आवडतो, पण त्यासाठी पहिला, प्रियकर-प्रेयसीचा अर्थ पुसायची काय गरज?

आपल्याकडं देव म्हणलं की जास्त करून माऊली, आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, त्यांनीसुद्धा ख्रिस्ताला माऊलीच म्हणलंय. बायबलमधी मात्र देव कितीदा नवरा होऊन बोलतो बघा. होशेय संदेष्ट्याला सांगतो की दुसऱ्याच्या नादी लागलेल्या बायकोवर परत प्रीती कर, मी इस्राएलावर, म्हणजे माझ्या लोकांवर, करतो तशी. यशया 62 मधी नवरदेव नवरीला बघून हरखतो तसा देव हरखेल असंय. बायबलच्या शेवटी, प्रकटीकरणात, कोकऱ्याचं म्हणजे ख्रिस्ताचं लग्नच लागतं. हे नातं वाईट असतं तर देवानं स्वतःसाठी कशाला घेतलं असतं.

तरी पास्टरांचं सगळंच उडवून लावू नका. बायबलमधल्या उत्पत्तीचे 29 अन 30 अध्याय लागोपाठ वाचा. याकोब राहेलीसाठी सात वर्षं राबला अन ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, सासऱ्यानं फसवलं तरी अजून सात वर्षं राबायला तयार झाला. पुढच्याच अध्यायात तीच राहेल म्हणते मला लेकरं दे नाहीतर मी मरते, अन हा चिडून म्हणतो, मी काय देवाच्या ठिकाणी आहे काय? एवढं खरं प्रेम, तरी त्याला तिचा देव होता आलं नाही. आपण नेमकं तिथंच अडकतो, समोरच्यानं आपलं सगळं रितेपण भरून काढावं म्हणतो अन नाही जमलं की प्रेमच खोटं होतं म्हणून मोकळे.

इफिस 5:25 लग्नात वाचतात, ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी पतींनी बायकोवर प्रीती करावी, म्हणजे स्वतःला देऊन. ते मला माझ्या सासऱ्यांकडं बघून कळलं. सासूबाईंना लकवा झाला, बोलणं गेलं, तेव्हापासून दर रविवारी उपासनेच्या आधी सासरे त्यांची वेणी घालायचे. भांग वाकडाच निघायचा, तेल कपाळावर ओघळायचं, मी करते म्हणलं तर कंगवा देत नव्हते. यात देवाचं प्रेम कुठलं अन बायकोवरचं कुठलं, मला तरी वेगळं काढता यायचं नाही.

आणि एक, आजकाल पोरं मुलीला सांगायलेत की "प्रभूनं मला दाखवलं, तूच माझी बायको". हे मात्र करू नका. देवाचं नाव घालून समोरच्याला नाही म्हणायची सोय ठेवायची नाही, ही सरळ जबरदस्ती झाली.

प्रार्थनेत तिचा विचार आला तर हाकलत बसू नका, तिच्यासाठीच प्रार्थना करा, तिची परीक्षा असेल, घरचं टेन्शन असेल. लग्नाआधी आमच्याकडं तीन रविवार चर्चमधी दोघांची नावं पुकारतात, तुमच्याकडंही असेल. तिथपर्यंत जायच्या आधी एक बघा, तुमच्या एवढ्या लांबलचक प्रश्नात तिचं म्हणणं काय ते कुठंच नाही. तिला विचारलंय का?