थंड धूमकेतूतून क्ष-किरण कसे येतात?

प्रश्न : धूमकेतू हा बर्फाचा आणि धुळीचा थंड गोळा असूनही त्याच्याकडून क्ष-किरण येतात आणि ते सौरवाऱ्यातील (सूर्याकडून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतातील) आयनांच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, ‘संथ’ टकरींमुळे निर्माण होतात, असे वाचनात आले. सेकंदाला शेकडो किलोमीटर धावणाऱ्या आयनांना संथ कसे म्हणायचे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. टक्कर संथ की जलद, हे अणुभौतिकीत इलेक्ट्रॉनच्या वेगाशी तुलना करून ठरवतात. सौरवारा सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने वाहतो, तर हायड्रोजनच्या अणूतील इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे 2,200 किलोमीटर असतो. आयन शेजारून निघून जाईपर्यंत या इलेक्ट्रॉनच्या वीसएक प्रदक्षिणा होऊ शकतात, म्हणजे अणू सोडून आयनाकडे जाण्यासाठी त्याला भरपूर अवधी मिळतो.

‘टक्कर’ हा शब्द मात्र येथे थोडा फसवा आहे, कारण आपटण्याची गरजच नसते. आठही इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजनचा आयन हायड्रोजनच्या अणूपासून सुमारे 0.7 नॅनोमीटरवर, म्हणजे त्या अणूच्या त्रिज्येच्या तेरा पट अंतरावर आला, की त्याच्या ओढीने दोन अणुकेंद्रांमधला ऊर्जेचा बांध इतका खाली येतो की इलेक्ट्रॉन तो सहज ओलांडतो. पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जाही जवळपास हायड्रोजनइतकीच असल्याने धूमकेतूच्या वाफेतही हेच घडते. आयन इलेक्ट्रॉनपेक्षा बराच वेगवान असेल, तर मात्र इलेक्ट्रॉन पकडला जाण्याची शक्यता झपाट्याने घटते.

पकडलेला इलेक्ट्रॉन थेट तळाच्या कक्षेत जात नाही. त्याची मूळची ऊर्जा जिथे जुळते, त्या पाचव्या कक्षेच्या आसपास तो स्थिरावतो आणि तिथून खाली उतरतो. दुसऱ्या कक्षेतून पहिलीत येताना तो 654 इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरील ऊर्जेचे एकक) ऊर्जेचा क्ष-किरण सोडतो. त्याची ऊर्जा दृश्य प्रकाशाच्या कणाच्या दोनशे पटींहून अधिक आहे.

मार्च 1996 मध्ये ह्याकुताके धूमकेतू पृथ्वीजवळून जात असताना रोसॅट या उपग्रहाने हे क्ष-किरण प्रथम टिपले. पुढच्याच वर्षी भौतिकशास्त्रज्ञ थॉमस क्रेव्हन्स यांनी त्यांचे हे स्पष्टीकरण मांडले. किरणांची चंद्रकोरीसारखी आकृती धूमकेतूच्या सूर्याकडील बाजूस दिसली होती, आणि मला तो या स्पष्टीकरणाचा सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण सौरवाऱ्यातील आयनांना धूमकेतूची वाफ प्रथम त्याच बाजूस भेटते.

क्ष-किरणांची ऊर्जा धूमकेतूची नसतेच. सूर्याच्या लक्षावधी अंश तप्त प्रभामंडळात, म्हणजे त्याच्या बाह्य वातावरणात, ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन सुटतात, तेव्हा ती त्या आयनात साठते. धूमकेतू केवळ इलेक्ट्रॉन पुरवतो.