कानात सतत शिट्टी वाजत असताना परत कामावर कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की अकाउंट्सला आहात, दीड महिना सुट्टी झाली, दोन्ही कानांत कुंईऽऽ चालूच आहे, तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले "सवय होईल" आणि सोमवारी गंगापूर रोडच्या त्या चिडीचूप ऑफिसात जाऊन बसायचंय. ते "सवय होईल" ऐकून मला पण डॉक्टरांचा लय राग आला होता, म्हणून लिहायला बसलो.

मी अंबड एमआयडीसीत, प्रेस शॉपच्या क्वालिटीला, चौदा वर्षं. वर सहा सीझन ढोल पथकात, नाशिकचा ढोल म्हटल्यावर कोण घरी बसणार. आमच्या शॉपमध्ये भिंतीवर सेफ्टीचा बोर्ड आहे, ९० डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, ९५ ला ४, १०० ला २. हा बोर्ड रोज बघायचो आणि विसर्जनाला ताशांच्या मधोमध सात तास उभा, जिथे आवाज १०० च्या वर सहज जातो, कानात काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला विचारलं कुकरची शिट्टी अडकलीय का, ती म्हणे कुकर अजून लावलाच नाही.

ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, ४००० हर्ट्झच्या बारीक आवाजाला रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली. आवाजाने कानातल्या बारीक केसपेशी मेल्या की मेंदूला तिकडून सिग्नल येईनासा होतो, मग तो स्वतःच गेन, म्हणजे आतला आवाज, वाढवत बसतो, मंडळाचा साउंडवाला माइक लागत नाही म्हणून वाढवत नेतो आणि मग कसं कुंई करतं, तसंच काहीसं.

आता कामाचं. तीन आठवड्यांनी जॉइन झालो तेव्हा भीती प्रेसची होती. तिथे इअरमफ घालून फिरलो, काही नाही झालं. वाट लागली ती स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे पार्टची मापं तपासायच्या खोलीत. एसी, डबल दार, आत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. हाइट गेजचं, म्हणजे उंची मोजायच्या उपकरणाचं, रीडिंग घ्यायला वाकलो आणि शिट्टी एकदम कपाळाच्या मधोमध. ४२.१८ वाचलं, लिहायला वळलो, विसरलो. परत वाचलं, परत विसरलो, मग आपण चुकीचं लिहिलं असेल म्हणून तिसऱ्यांदा. पाच मिनिटांच्या पार्टला पंचवीस मिनिटं, हात घामाने ओले, आणि शेजारचा पोरगा विचारतोय "सर, बीपी वाढलं का?"

म्हणून तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या वाटलं, तुमचं ऑफिस म्हणजे माझी स्टँडर्ड रूमच की. घाबरायचं ते शांततेला. आणि यात तुमचं डोकं फिरलेलं नाही, १९५३ साली अमेरिकेत ८० धडधाकट कानांच्या लोकांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं, त्यातल्या ९४ टक्क्यांना काही ना काही आवाज ऐकू आला.

मी स्टोअरमधला जुना टेबल फॅन उचलून आणला, तोंड भिंतीकडे करून चालू ठेवला. तुम्ही छोटा यूएसबी पंखा ठेवा, नाहीतर मोबाईलवर पावसाचा आवाज बारीक लावा. शिट्टी पूर्ण बुडेल इतका मोठा मात्र नको, शिट्टीच्या जरा खालीच. पूर्ण झाकली तर मेंदूला तिची सवय कशी होणार, हे कान तपासणाऱ्या ऑडिओलॉजिस्ट ताईंनी सांगितलं आणि मला पटलं.

माझी मोठी चूक सांगतो. घाबरून मी इअरप्लग दिवसभर घालायला लागलो, बाईकवर, घरी, कॅन्टीनमध्ये, अगदी बायको बोलत असताना सुद्धा (त्यावरून वेगळं भांडण). पंधरा दिवसांत असं झालं की कॅन्टीनमध्ये स्टीलचं ताट ठेवलं तरी हातोडा मारल्यासारखं. प्लग फक्त मोठ्या आवाजाला, प्रेस, ड्रिल, डीजे. ऑफिसात, रस्त्यावर, घरी नाही.

दुसरी चूक, डायरीत रोज शिट्टीला दहापैकी मार्क द्यायचो. सकाळी डोळे उघडले की पहिलं काम, आहे का बघू. असणारच ना! मार्क देणं सोडलं तेव्हा कुठे जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती लक्षातच आली नाही असा पहिला दिवस आला, जॉइन होऊन साधारण तीन महिने झाले होते. अजून आहे, हे टाइप करताना मस्त वाजतेय, विषयच तिचा काढलाय.

ऑफिसात सांगायचं का? सांगा, पण साहेबांना एकट्याला आणि थोडक्यात, "कानात सतत आवाज असतो, लक्ष लागायला वेळ लागतो, महिनाभर जरा सांभाळून घ्या." सगळ्या फ्लोरला सांगितलं तर लसणाचं तेल सुरू होतं. माझ्या आत्याने तर गरम करून वाटीत आणलं होतं, हात जोडले. कानात काहीही घालू नका. शिट्टी बंद करणारी गोळी पण अजून निघालेली नाही, कोणी गॅरंटी देत असेल तर पैसे वाचवा. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीनने शिट्टीचाही त्रास कमी होऊ शकतो, आणि सीबीटी म्हणून समुपदेशनाची पद्धत आहे, आवाज तोच राहतो पण जीव कासावीस होणं कमी होतं, पुरावा त्यातल्या त्यात हिचाच चांगला. मात्र अचानक एका कानाचं ऐकू यायचं बंद झालं, चक्कर आली, किंवा आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप करायला लागला तर ही सगळी उत्तरं वाचणं सोडून त्याच दिवशी ईएनटी गाठा.

झोप नसेल तर दुसऱ्या दिवशी शिट्टी डबल, म्हणून मी साहेबांना सांगून महिनाभर तिसरी, म्हणजे रात्रीची, शिफ्ट बंद करून घेतली. तुमच्याकडे शिफ्ट नाही, पण मार्च एंडला रात्री दहापर्यंत बसणं यंदा दुसऱ्या कोणाला तरी द्या.

आणि पहिल्या दिवशी बँक रिकन्सिलिएशन वगैरे उघडूच नका, एक आकडा डोक्यात धरून दुसरा शोधायचा हेच तेव्हा जमत नाही. व्हाउचर लावा, फायली लावा, फोन घ्या, जिथे आजूबाजूला माणसं बोलतायत अशा टेबलावर बसा. जमलं तर सोमवार सोडा, गुरुवारी जॉइन व्हा, दोन दिवस काढले की आलाच शनिवार.