वाचकांचे प्रश्न : वूफर-ट्वीटरची जोडी

प्रश्न : टेबलावर मावेल असा टू-वे स्पीकर घरी बनवतोय. खालच्या सुरांसाठी पाच इंची वूफर, वरच्या सुरांसाठी एक इंची डोम ट्वीटर घ्यायचा विचार आहे. दोघांचं जमेल की नाही, हे आधीच कसं ओळखायचं?

उत्तर : वॉटचा आकडा तूर्त विसरा. आधी ट्वीटरची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी (ज्या सुराला तो आपसूक जास्त थरथरतो ती) बघा. ती ९०० हर्ट्झ असेल, तर क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवायची जागा, १८०० च्या खाली नको. २५०० ला तो निवांत चालेल. क्रॉसओव्हरची वरची हद्द वूफर ठरवतो. पाच इंचीचा हलणारा कोन असतो जेमतेम १० सेंटिमीटरचा, आणि ३४०० हर्ट्झला आवाजाची तरंगलांबीही तेवढीच. त्याच्या आसपास आवाज समोरच एकवटायला लागतो. बाजूला बसलेल्याला गाणं दबलेलं लागतं.

मग सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच विजेत कोण किती मोठ्याने वाजतो ते. ट्वीटर चार-पाच डेसिबलने वरचढ असला तरी हरकत नाही, रेझिस्टर लावून खाली आणता येतो. उलटं झालं तर मात्र बोंब. माझ्या पहिल्या जोडीत ८९ डेसिबलचा वूफर आणि ८६ चा ट्वीटर होता (दिसायला काय देखणा!). झांजा जणू पलीकडच्या खोलीत वाजायच्या. तीन वेळा क्रॉसओव्हरचं सर्किट उकललं, शेवटी ट्वीटरच बदलला.

खोकं बंद ठेवणार असाल, तर वूफरचा क्यूटीएस (Qts, रेझोनन्सला कोनाची थरथर किती आवरली जाते त्याचा आकडा) ०.४ ते ०.५ च्या दरम्यान बघा.