पोस्टर चिकटवण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर तू घाईघाईत सांगितलंस की शाळेत प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपाताला विरोध करणारा क्लब काढतोयस, जानेवारीत वॉशिंग्टनला त्यासाठीच्या मोर्च्याला जाणार आहेस. वर विचारलंस, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" गाडीच्या दाराशी उभ्या उभ्या उरकायचा विषय नव्हता तो, म्हणून लिहायला बसले.

माझं आधीच सांगून टाकते. पोटातला जीव हा जीवच आहे, असं मीही मानते. पण त्यात सरकारने कुठवर हात घालावा यावर तुझं-माझं जमेलसं दिसत नाही, आणि तो वाद या पत्रात मिटवायचाही नाही. तुझी श्रद्धा खरी आहे, ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जा असं मी तुला सांगणार नाही. मला बोलायचंय ते तू हे काम कसं करशील याबद्दल.

तुझ्या शाळेतल्या एखाद्या मुलीला दिवस गेलेत, घरी सांगायची तिची हिंमत नाही. ती तुझ्या क्लबमधल्या कुणाकडे येईल का? पोस्टर, टी-शर्ट, घोषणा, जे काही कराल ते या प्रश्नावर घासून बघ. ती तुमचं टेबल बघून दुसऱ्या जिन्याने जात असेल, तर वादविवादात तुम्ही कितीही बक्षिसं मिळवा, मला कौतुक नाही.

आता हक्कांचं बघू, कारण प्रिन्सिपल परवानगी देतील का याचीच तुला जास्त धास्ती दिसली. तुझी शाळा सरकारी आहे, तेव्हा बाजू बरीच भक्कम आहे. 1965 मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळ्या फिती बांधल्या आणि शाळेने त्यांना घरी पाठवलं. त्यातली मेरी बेथ टिंकर अवघी तेरा वर्षांची होती. 1969 मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलांच्या बाजूने निकाल दिला: शाळेच्या कामात खरोखरचा मोठा व्यत्यय येत नसेल, तर निव्वळ मत पटत नाही म्हणून तोंड बंद करता येत नाही. क्लबसाठी 1984 चा इक्वल अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट आहे. अभ्यासक्रमाबाहेरचा एक जरी क्लब शाळा भरू देत असेल, तर धार्मिक किंवा राजकीय म्हणून तुमचाच तेवढा नाकारता येत नाही. ओमाहातल्या एका शाळेतल्या ख्रिस्ती क्लबच्या खटल्यात 1990 मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा उचलून धरला. हेच पाठबळ उद्या प्रो-चॉइस, म्हणजे गर्भपाताचा निर्णय बाईचाच मानणाऱ्या क्लबलाही आहे, हे विसरू नकोस. त्यांचं पोस्टर कुणी फाडलं तर पहिली तक्रार तू नोंदव.

याच कायद्यात एक अट आहे, आणि ती मला फार आवडते. क्लब मुलांनीच सुरू करायचा आणि मुलांनीच चालवायचा. बाहेरच्या माणसांनी तो चालवायचा नाही, की बैठकांना नेहमी येऊन बसायचं नाही. म्हणजे मीसुद्धा नाही. मोठ्या संघटना तुम्हाला तयार पत्रकं, स्टिकर, भाषणाचे मुद्दे असं सगळं खोक्यात भरून पाठवतील. खोकं उघड, पण त्यातली ओळ न् ओळ स्वतः तपासल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस.

आणखी एक खटला तुझ्या कामाचा आहे. मिझूरीतल्या हेझलवूड ईस्ट शाळेच्या वर्तमानपत्रात तीन गरोदर विद्यार्थिनींच्या अनुभवावर लेख येणार होता. प्रिन्सिपलनी ती पानंच काढून टाकली, आणि 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेचं म्हणणं मान्य केलं. निकाल मला पटत नाही. पण प्रिन्सिपलनी दिलेलं एक कारण मात्र मनात राहिलं: नावं बदलली तरी मुली ओळखू येतील. हायस्कूलमध्ये काहीच लपत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. "आमच्याच शाळेतली एक मुलगी" अशी सुरुवात करून कुणाचीही गोष्ट सांगायची नाही. चांगल्या शेवटाची असली तरी नाही.

जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे आकड्यांबाबत जरा बोलणारच. डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, गर्भधारणा त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते. तुमच्या पत्रकात एका ओळीत एक मोजमाप आणि पुढच्या ओळीत दुसरं असेल, तर बायॉलॉजीच्या वर्गातलं कुणीही पोर मिनिटभरात तुम्हाला गप्प करेल. गर्भपाताने स्तनाचा कॅन्सर होतो, असं छापलेलं काही आलं तर सरळ कचऱ्यात टाक. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 2003 मध्ये तज्ज्ञ बोलावून तो प्रश्न तपासला, असा संबंध आढळला नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला तर आईचा जीव धोक्यात येतो, तो गर्भ वाढूही शकत नाही. त्या उपचाराला गर्भपात म्हणून नावं ठेवणारी पोस्ट चुकूनही पुढे ढकलू नकोस. आणि सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या डॉब्स निकालाने देशभर गर्भपात बंद झाला, असं तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना वाटत असेल. तसं झालेलं नाही. 1973 च्या रो निकालाने दिलेलं घटनात्मक संरक्षण गेलं आणि निर्णय राज्यांकडे आला. तुझ्या राज्याचा कायदा मुळातून वाच, कुणाच्या तरी व्हिडिओतून नको.

चुकीच्या आकड्याइतकंच चुकीचं चित्रही नडतं. तुमच्या पोस्टरवर एक घाबरलेली शाळकरी मुलगी असते. या देशात गर्भपात करणाऱ्यांत विशीच्या आतल्या मुली दहा टक्केही नाहीत, आणि निम्म्याहून जास्त बायकांना आधीच एक तरी मूल आहे. त्यातल्या बऱ्याच जणींची हातातोंडाची गाठ पडत नाही. मूल म्हणजे काय हे त्यांना तुमच्या पोस्टरवरून शिकायचं नाहीये.

शाळेत शिकवत असताना मी असं एक टेबल पाहिलंय. जेवणाच्या सुट्टीत क्लबांचा मेळा होता, टेबलावर बोटभर लांबीच्या प्लास्टिकच्या गर्भांची परडी. एक मुलगी थांबली, तिने त्यातला एक उचलला, उलटा करून पाठ बघितली, पुन्हा परडीत ठेवला, मग वळून नीट बसेल असा ठेवला. टेबलामागची दोन मुलं तेवढ्यात शेजारच्या क्लबशी कुठल्या तरी राज्याच्या कायद्यावरून हुज्जत घालत होती. ती निघून गेली, त्यांनी मानही वर केली नाही. ती का थांबली होती ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. पण टेबलामागे उभं राहायचं तर समोर थांबलेल्या माणसाकडे बघता आलं पाहिजे. रक्तामांसाचे फोटो तर आणूच नका. ज्यांच्यापर्यंत पोचायचं त्यांनाच ते आधी पळवून लावतात, आणि ज्या बाईंचं बाळ सहाव्या महिन्यात पोटातच गेलं, अशा एखाद्या शिक्षिकाही त्या हॉलवेतून रोज जात असतात.

तू मुलगा आहेस, त्यामुळे एक गोष्ट तुझ्याचकडून व्हायला हवी. अशा प्रत्येक मुलीमागे एक मुलगा असतो, आणि पोस्टरवर तो कधीच नसतो. सगळा उपदेश तिला. "तू ठेवणार की नाही?" हा प्रश्नही तिलाच. लॉकर रूममध्ये मुली कशा "मोजल्या" जातात, कोण फुशारकी मारतं, गळ्यात क्रूस घालून कोण त्यावर हसतं, हे मला तिथे न जाताही ठाऊक आहे. तिथे तोंड उघडशील तर मी म्हणेन पोरगा खरंच काही करतोय. काही मुली घाबरतात त्या पोटातल्या बाळाला नव्हे, "हे माझं कशावरून?" असं विचारणाऱ्या त्याला.

आणि समज, आलीच कुणी तुझ्याकडे. तर ऐकून घे. भाषण नको, प्रार्थनाही तिने म्हटलं तरच. औषधपाण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही, ते डॉक्टरचं काम. क्लबच्या ग्रुपवर टाकायचं नाही, अगदी "एकीसाठी प्रार्थना करा" इतकंही. जबरदस्ती झाली असेल, किंवा समोरचा मोठा माणूस असेल, तर गुपित पाळतो असं वचन देऊ नकोस. तिच्यासोबत काउन्सेलरकडे जा, अशा गोष्टी पुढे कळवणं शाळेतल्या माणसांवर कायद्याने बंधनकारक आहे, हे तिला आधीच सांगून. गरोदर आहे म्हणून सरकारी शाळा तिला वर्गातून किंवा खेळातून काढू शकत नाही, 1972 च्या टायटल नाइन कायद्याने ती सोय आहे. तिला हे बहुधा माहीत नसतं. काही शाळांतल्या मोठ्यांनाही नसतं. नवजात बाळ सुरक्षित जागी सोपवलं तर खटला नाही, असे कायदे टेक्सासने 1999 मध्ये सुरू केले आणि आता सगळ्या राज्यांत आहेत. तुमच्या राज्यात ते बाळ कुठे आणि किती दिवसांच्या आत सोपवता येतं, एवढंच एक पोस्टर करा, आणि मुलींच्या बाथरूमच्या दाराला आतून लावायची परवानगी मागा. आधी घोषणेचं पोस्टर छापाल हे मला माहीत आहे. निदान दुसरं तरी हे असू दे.

बाळंत होऊन शाळेत परत आलेल्या मुलीला गणिताच्या राहिलेल्या धड्यांसाठी कुणीतरी हवं असतं. तुझं गणित चांगलं आहे.

गर्भपात करून बसलेल्या मुलींबद्दल बोलताना जपून. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 'इव्हान्जेलियम व्हिटे' या 1995 च्या परिपत्रकात एक परिच्छेद थेट अशा स्त्रियांना उद्देशून लिहिलाय. 99 वा, शोधून वाच. झालं ते चुकीचं होतं असं ते म्हणतात, पण निर्णयामागे काय काय असू शकतं हे आपण जाणतो असंही म्हणतात, आणि आशा सोडू नका अशी विनवणी करतात. तुझ्या क्लबमधली मुलं "खुनी" हा शब्द वापरतात तेव्हा त्यांच्या हातात हा परिच्छेद दे.

राजकारणी तुझ्यासोबत फोटो काढायला येतील. काढ हवं तर. मग पाळणाघराला आणि बाळंतपणाच्या रजेला पैसे कोण देणार, हेही त्यांना विचार. उत्तर येईतो फोटो कुठे टाकू नकोस.

शनिवारी घरी ये. क्लबचा फॉर्म आणि पत्रकाचा मसुदा छापून आण, मला स्क्रीनवर लाल पेन चालवता येत नाही. क्लबमधल्या दोघी-तिघी मुलींनाही आण. त्या बोलत असताना तू मध्ये बोलायचं नाहीस.

तुझी,
मावशी

ता. क. मोर्च्याला जाताना कानटोपी घे. जानेवारीत वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलच्या मोकळ्या मैदानावर वारा नुसता झोंबतो, आणि बस रात्री उशिरा परतली तरी दुसऱ्या दिवशीची केमिस्ट्रीची परीक्षा पुढे जात नाही.