मूल भाजीला तोंड लावत नाही, मोबाईलशिवाय जेवत नाही. खाण्याच्या चांगल्या सवयी कशा लावाव्यात?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 3 वर्षांचा आहे, दिवसातून 3 कप म्हशीचं दूध पितो, बरोबर बिस्किटं खातो, जेवताना मोबाईल लागतो आणि ताटात भाजी दिसली की तोंड फिरवतो. यात भाजीचा नंबर शेवटचा आहे. आधी भूक, मग मोबाईल, मग भाजी, या क्रमानं जा. बहुतेक घरांत सुरुवातच भाजीपासून होते आणि म्हणून सगळं फसतं.

जरा हिशेब करून बघा. 200 मिलीचे 3 कप म्हणजे 600 मिली. साय न काढलेल्या म्हशीच्या दुधात 100 मिलीला साधारण 100 कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या दुधाच्याच 600 झाल्या. कपाला एक चमचा साखर आणि दिवसभरात 4-5 बिस्किटं धरली की आकडा साडेसातशेच्या आसपास जातो. या वयाच्या मुलाला दिवसाला लागतात हजार-अकराशे. मग वरणभाताला पोटात जागा उरतेच कुठे? त्यातून दुधात लोह नसल्यासारखंच असतं आणि दुधातल्या कॅल्शियममुळे इतर अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. अंगानं बरं दिसणारं, भरपूर दूध पिणारं मूल रक्तानं कमी असू शकतं ते यामुळेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 6 महिने ते 5 वर्षं वयाच्या मुलांपैकी जवळपास 69 टक्के मुलांमध्ये ॲनिमिया आढळला. जास्त दूध आणि कमी चोथा यामुळे शौचाला खडा होतो, आणि पोट साफ नसलं की भूक आणखी मरते.

म्हणून दूध दिवसाला 400 मिलीवर आणा. दुपारच्या जेवणाआधीचा कप पहिल्यांदा बंद करा, राहिलेले दोन कप खाण्याबरोबर किंवा खाल्ल्यावर द्या. बाटली असेल तर ती पूर्ण सोडवा. वेळा ठरवून टाका: 8 ला नाश्ता, साडेदहाला फळ, 1 ला जेवण, साडेचारला मधलं खाणं, 8 च्या आत रात्रीचं जेवण. मध्ये फक्त पाणी. चहा नको, त्यानंही लोहाचं शोषण कमी होतं.

किती खावं, याची मोठ्यांची कल्पनाच बहुधा चुकीची असते. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळजवळ तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर मात्र ते वर्षाला साधारण 2 किलोनंच वाढतं, त्यामुळे भूक कमी झाल्यासारखी वाटणं साहजिक आहे. 3 वर्षांच्या मुलाच्या ताटात अर्धी पोळी, 3 लहान चमचे भाजी, अर्धी वाटी वरणभात एवढंच वाढा. हवं असेल तर तो मागेल. काय आणि कधी द्यायचं हे तुम्ही ठरवा, किती खायचं हे त्याला ठरवू द्या. ही एक गोष्ट पाळणं सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात जास्त फळ देणारीही.

मोबाईल समोर असला की मूल चव, वास, पोट भरल्याची जाणीव यांतलं काहीही न कळता गिळत असतं. एकदम सगळ्या जेवणांतून काढू नका. साडेचारच्या खाण्यापासून सुरुवात करा, कारण तेव्हा कडकडून भूक असते. ते जमलं की दुपारचं जेवण, शेवटी रात्रीचं. तेवढा वेळ घरातल्या सगळ्यांचे फोन आणि टीव्ही बंद. पाटावर किंवा पाय टेकतील अशा खुर्चीवर बसवा, 20-25 मिनिटांनी न रागावता ताट उचला. पहिले तीन-चार दिवस तो कमीच खाईल. इथेच सगळं घसरतं: ताट उचलल्यावर अर्ध्या तासात कुणीतरी कीव येऊन बिस्किट देतं, आणि न जेवल्यास बिस्किट मिळतं हे मुलाला पक्कं कळतं. आजींना नुसतं ‘देऊ नका’ म्हणण्यापेक्षा वाढण्याचं कामच त्यांच्याकडे सोपवा.

आता भाजी. साधारण 2 ते 6 वर्षांत नव्या चवीला नकार देणं हा वाढीचाच भाग आहे. एखादी भाजी स्वीकारायला ती 10-15 वेळा समोर यावी लागू शकते आणि आपण बहुधा चौथ्या वेळी नाद सोडतो. एक चमचा ताटात ठेवा, ‘एकच घास घे’ असंही म्हणू नका. हात लावला, चाटून थुंकली, तरी ती वेळ मोजा. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ मात्र बंद, कारण त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस ठरतं.

नकार चवीला आहे की पोताला, ते नीट बघा. भेंडी नको असते ती तारेमुळे. धुऊन फडक्यानं अगदी कोरडी करा, मग चिरा, कढईत झाकण न ठेवता परता, दोन आमसुलं घाला आणि मीठ शेवटी. पालेभाजीचे लांब धागे घशाशी अडकतात, म्हणून देठं काढून बारीक चिरा आणि ताक-बेसन लावून, दाण्याचं कूट घालून पातळ भाजी करा. अख्खे दाणे, फुटाणे या वयात देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कडू मेथी थालीपिठात चालते, पण सगळ्याच भाज्या पिठात लपवू नका. मुलाला भाजीचं रंगरूप ओळखीचं व्हायला हवं, त्यामुळे थालिपिठाशेजारी थोडी सुटी भाजीही ठेवा. गाजर, फ्लॉवर दोन बोटांत दाबले जातील इतके वाफवून वर तूप-जिऱ्याची फोडणी द्या. पोहे आणि वरणावर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

वजन तीन-चार महिने वाढलेलं नसेल, ओठ-नखं फिकट दिसत असतील, मूल माती किंवा खडू खात असेल, घासागणिक ओकारी काढत असेल किंवा मोजकेच चार-पाच पदार्थ खात असेल, तर घरच्या प्रयोगांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांकडून हिमोग्लोबिन तपासून घ्या, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं तेही त्यांना सांगा. लोहाचं औषध सुरू झालं तर ते दुधाबरोबर देऊ नका.